उन्हांतील पांढरा पक्षी

डिसेंबरच्या एखाद्या दुपारीं मुंबईच्या अपोलो बंदरावरून घारापुरीस जाणारी लाँच सुटली म्हणजे तिच्या मागोमाग पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवाहि निघतो. हे कुरव. लाँचनें धक्का सोडला कीं ते दोन्ही बाजूंनीं येऊन कठड्याच्या उंचीवर तरंगूं लागतात. आणि उतारूंपैकीं ज्यांच्याजवळ कॅमेरा असतो ते सर्व एकाच वेळीं तो उचलतात. ऊन स्वच्छ असतें, समुद्र शांत असतो, पक्षी चार-सहा हातांवर असतो. चित्र उत्तम येण्यास आणखी काय हवें, असें कोणासहि वाटेल. पण घरीं जाऊन तीं चित्रें पाहावींत, तों निराशा पदरीं पडते. एका चित्रांत कुरवाच्या जागीं कागदाची कातरलेली पांढरी आकृति दिसते. तिला चोंच आहे, डोळा आहे, पण एकहि पीस नाहीं. दुसऱ्या चित्रांत तोच कुरव धुण्यास टाकलेल्या पंच्यासारखा मळकट आहे. तिसऱ्यांत तर तो इतका काळवंडला आहे, कीं त्यास कावळा म्हणावें. तिन्ही चित्रें एकाच कॅमेऱ्यानें, एकाच माणसानें, पांच मिनिटांच्या आंत घेतलेलीं असतात.

ऊन कमी पडलें असें येथें झालेलें नसतें. ऊन भरपूर आहे आणि पक्षी पांढरा आहे, हीच खरी अडचण. तिचें मर्म थोडक्यांत सांगावयाचें तर असें, कीं कॅमेरा समोरचें दृश्य मोजतो. आणि मोजावयास हवें असतें तें पक्ष्यावर पडलेलें ऊन. या दोन मोजण्यांतील फरक ज्यास कळला त्याचें चित्र सहसा फसत नाहीं.

प्रथम हा पांढरेपणा म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. कुरवाच्या पांढऱ्या पिसांत पांढरा असा कोणताहि रंग नसतो. पीस केराटिन नांवाच्या द्रव्याचें बनलेलें असतें. माणसाचीं नखें व केंस हींहि त्याच जातीच्या द्रव्याचीं होत. हें द्रव्य स्वतः बिनरंगी असून त्याच्या तंतूंत हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांस विखुरतो, सर्व रंगांचे किरण सारखेच परत येतात, आणि म्हणून तें पीस पांढरें दिसतें. साखरेचा एक स्फटिक पारदर्शक, पण मूठभर साखर पांढरी, तसाच हा प्रकार. याउलट पंखांच्या टोकांशीं जो काळा रंग दिसतो तो मेलॅनिन या रंगद्रव्याचा. या द्रव्यानें पीस बळकट होतें व उडतांना लवकर झिजत नाहीं. म्हणूनच पुष्कळ पांढऱ्या समुद्रपक्ष्यांच्या पंखांचीं टोकें काळीं असतात. चांगला पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ८० ते ९० भाग परत पाठवितो. स्वच्छ पांढरें पीस त्याच पंक्तीला बसावयाचें. काळें टोंक मात्र शेंकडा चार-पांच भागहि मोठ्या कष्टानें परत करतें. एका हातभर लांबीच्या पक्ष्याच्या अंगावर प्रकाशाचीं हीं दोन टोकें शेजारीं शेजारीं नांदत असतात.

माणसाच्या डोळ्यास याची अडचण वाटत नाहीं. शुभ्र धोतर अंगणांत उन्हांत वाळत असो, किंवा माजघराच्या अंधुक प्रकाशांत घडी होऊन पडलेलें असो, तें पांढरेंच दिसतें. वस्तुतः अंधाऱ्या माजघरांतील धोतरावरून येणारा प्रकाश उन्हांतील काळ्या छत्रीवरून येणाऱ्या प्रकाशापेक्षां कित्येकदां कमीच असतो. पण डोळ्याच्या मागें मेंदू आहे. सभोंवारचा उजेड किती आहे हें ध्यानांत घेऊनच तो पांढरें-काळें ठरवितो. कॅमेऱ्याच्या आंत जो प्रकाशमापक असतो त्यास असा विवेक नाहीं. त्याच्या ठिकाणीं एकच समजूत पक्की करून ठेवलेली असते: समोरच्या दृश्यांतील उजळ व काळोखे भाग सर्व एकत्र कालविले, तर त्यांतून मध्यम करडा रंग निघावा, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा १८ च्या आसपास परत पाठविणारा. सामान्य दृश्यांत, म्हणजे रस्ता, झाडें, घरें, माणसें यांच्या चित्रांत, ही समजूत बहुधा खरी ठरते. पांढऱ्या पक्ष्यापाशीं ती साफ कोसळते.

ती कशी कोसळते हें पाहण्यासाठीं एकाच कुरवाच्या मागें जावें. तो प्रथम अगदीं जवळ येतो व सारी चौकट व्यापून टाकतो. मापकापुढें आतां पांढऱ्यावांचून दुसरें कांहीं नाहीं. त्यास वाटतें, उजेड फार झाला. तो प्रकाश कमी करतो आणि पांढऱ्या पक्ष्यास ओढून मध्यम करड्या रंगावर आणतो. मळक्या पंच्याचें चित्र निघतें तें असें. पुढें तोच कुरव दूर जाऊन एखाद्या गलबताच्या काळ्या कुशीसमोरून किंवा किनाऱ्यावरील तिवरांच्या गर्द हिरव्या भिंतीसमोरून उडतो. आतां चौकटींत काळोखच अधिक; पक्षी त्यांत तिळाएवढा. मापकास वाटतें, उजेड फारच थोडा. तो प्रकाश वाढवितो, काळी कूस करडी होते, आणि पक्षी जळून नुसता पांढरा ठिपका उरतो. मग कुरव वर चढतो. हिवाळ्यांत मुंबईचें आकाश पुष्कळदां निळें नसून धुरकट पांढुरकें असतें. तें पांढुरकेपण मापक मध्यम करड्यावर आणतो आणि त्यापुढें पक्ष्याचें सावलींतील पोट काळें पडतें. मापकानें तिन्ही वेळां आपलें काम इमानानें केलें. पण तिन्ही वेळां त्यानें पार्श्वभूमीचा हिशेब केला. अलीकडच्या कॅमेऱ्यांतील मापक पूर्वींच्या मानानें पुष्कळ चतुर झाले आहेत, दृश्य ओळखून अंदाज बांधण्याची युक्तिहि त्यांत असते. तरी पांढऱ्या पक्ष्यानें ते अजून चकतात.

आतां या तिन्ही क्षणांत सूर्यामध्यें काय फरक पडला? कांहींच नाहीं. कुरव गलबतासमोर असो कीं आकाशासमोर असो, त्याच्या पाठीवर पडणारें ऊन तेंच होतें. तेव्हां त्याच्या पांढऱ्या पाठीस लागणारें प्रकाशाचें प्रमाणहि एकच असावयास हवें. तें एकदां ठरवावें, कॅमेऱ्यांत हातानें कायम करावें, आणि मग पक्षी कोठेंहि उडो, मापकाकडे पाहूंच नये; असा अनुभवी छायाचित्रकारांचा परिपाठ आहे.

हें प्रमाण ठरविण्याची एक जुनी रीत आहे. फिल्मच्या पुडक्याबरोबर जो कागद मिळे, त्यावर ती थोडक्यांत छापलेली असे. स्वच्छ उन्हांत भिंगाचें छिद्र एफ/१६ वर ठेवावें, आणि फिल्मचा जो वेगांक, म्हणजे आयएसओ, असेल तितक्या अंशाइतका वेळ शटर उघडें ठेवावें. आयएसओ ४०० असल्यास सेकंदाचा १/४०० भाग. उडणाऱ्या पक्ष्यास हा वेळ फार मोठा होतो, पंख पुसट येतात. म्हणून छिद्र एफ/८ पर्यंत मोठें करून वेळ १/१६०० सेकंदावर आणावा. प्रकाश तितकाच राहतो. छायाचित्रकार प्रकाशाचें कमीअधिकपण ‘स्टॉप’ या मापानें मोजतात; एक स्टॉप वाढला म्हणजे प्रकाश दुप्पट, एक कमी झाला म्हणजे निम्मा. वरील प्रमाण सामान्य रंगाच्या वस्तूंस योग्य आहे. समोरून ऊन लागलेल्या पांढऱ्या पक्ष्यास त्याहून एक स्टॉप कमी द्यावा, म्हणजे एफ/८ वर १/३२०० सेकंद, किंवा एफ/११ वर १/१६००. एवढ्यानें पक्षी पांढरा राहतो, आणि पिसांच्या कडाहि वेगळ्या दिसतात.

ज्यास आंकडे ध्यानांत ठेवणें जड वाटतें त्याच्यासाठीं आणखी सोपें साधन त्याच्या स्वतःच्या हातांतच आहे. माणसाचा तळहात, मग वर्ण गोरा असो कीं सांवळा, मध्यम करड्यापेक्षां सुमारें एक स्टॉप अधिक उजळ असतो. तळहात सूर्याकडे करावा, कॅमेरा जवळ आणून चौकटींत फक्त तळहातच येईल असें पाहावें, आणि मापक जें प्रमाण दाखवील तेंच कायम करावें. मापक तळहातास मध्यम करडा समजून एक स्टॉप कमी करतो. आणि पांढऱ्या पक्ष्यास नेमका तोच एक स्टॉप कमी द्यावयाचा असतो. अर्थात् पक्ष्यावर व हातावर एकच ऊन असलें पाहिजे. लाँचच्या छपराखालीं बसून घेतलेलें माप बाहेरच्या कुरवास लागू पडावयाचें नाहीं. शिवाय सूर्य खालीं उतरूं लागला कीं ऊन झपाट्यानें कमी होतें. सायंकाळच्या शेवटच्या दोन तासांत दर दहा-पंधरा मिनिटांनीं हात पुन्हां उन्हांत धरावा.

येथें कोणी विचारील, थोडा प्रकाश अधिक झाला तर बिघडलें कोठें? घरीं गेल्यावर चित्र कमी उजळ करतां येईलच. पण तसें होत नाहीं, आणि त्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधि सूक्ष्म कोष असतात. ते जणूं उघड्यावर मांडलेल्या वाट्या. शटर उघडलें कीं त्यांवर प्रकाशाचा पाऊस पडतो, आणि कोणती वाटी किती भरली यावरून चित्र बनतें. अर्ध्या भरलेल्या वाटीवरून पाऊस किती पडला हें सांगतां येतें, तळाशीं चार थेंब असले तरी कांहीं अंदाज बांधतां येतो; पण जी वाटी कांठोकांठ भरून वाहूं लागली तिच्यावरून कांहींच सांगतां येत नाहीं. कुरवाच्या छातीवरच्या सर्व वाट्या एकदां भरून वाहिल्या, कीं तेथील पिसाची कड, पिसाची सावली, पिसाची घडी, सर्व एकाच पातळीवर येतें. हा मजकूर मागाहून मिळवितां येत नाहीं, कारण तो लिहिलाच गेला नाहीं. काळोख्या भागांत मात्र थोडाफार मजकूर असतो, आणि तो पुढें उजळून काढतां येतो.

जुन्या निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव याहून थोडा मायाळू होता. फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनीं इंग्लंडांत १८९० सालीं प्रकाश किती व त्यानें फिल्मवर येणारा काळेपणा किती याचा वक्र आलेख प्रसिद्ध केला. त्या वक्राचें वरचें टोंक एकदम तुटत नाहीं. खांद्यासारखें हळूहळू वळतें. म्हणून अतिरेक झाला तरी पांढऱ्याचा कांहीं अंश शिल्लक राही. डिजिटल संवेदकास असा खांदा नाहीं. त्यास एकदम कडाच आहे. त्याची भरपाई म्हणून आजच्या कॅमेऱ्यांत दोन सोई असतात. एक, चित्रांतील उजेडाची वांटणी दाखविणारा आलेख. त्यांतील डोंगर उजव्या कडेजवळ यावा, पण कडेस जाऊन चिकटूं नये. दुसरी, जळालेले भाग लुकलुकतांना दाखविणारी इषारत. तांबूस-पिवळ्या सायंकाळच्या उन्हांत तांबड्या रंगाच्या वाट्या इतरांच्या आधीं भरतात. म्हणून त्या वेळीं तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावे.

पांढऱ्या पक्ष्याचा हा प्रश्न छायाचित्रणाच्या बाल्यापासूनचा आहे, आणि त्याचें एक उत्तर एका शरीरशास्त्रज्ञानें फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञास पक्षी पंख कसे हालवितो तें पाहावयाचें होतें. १८८२ सालीं त्यानें बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा बनविला. त्याचा चाप ओढला कीं सेकंदास १२ चित्रें उमटत, आणि प्रत्येक चित्रास सेकंदाचा १/७२० भाग पुरे होई. इटलींत नेपल्सजवळच्या समुद्रकांठीं त्यानें ही बंदूक उडत्या कुरवांवर रोंखली. पुढें पॅरिस येथील आपल्या प्रयोगशाळेंत त्यानें युक्ति बदलली. काळ्या पार्श्वभूमीपुढें पांढरा पक्षी उडवावयाचा, आणि एकाच काचेवर ठराविक अंतरानें त्याचीं अनेक चित्रें घ्यावयाचीं. काळ्या भागांतून काचेवर कांहींच उमटत नसे. उमटे तो फक्त पांढरा पक्षी, एकापुढें एक, जणूं एका उड्डाणाची माळच. १८८७ सालीं त्यानें या चित्रांवरून उडत्या कुरवाची कांस्यमूर्तिहि करविली. मारे याच्या मापाचा विषय प्रथमपासून पक्षी होता, पार्श्वभूमि नव्हती. यश आलें तें त्यामुळें.

प्रमाण साधलें तरी ऊन कोणत्या बाजूनें येतें हें पाहावेंच लागतें. पांढऱ्या पक्ष्याच्या अंगावरील पिसें दिसतात तीं त्यांच्या लहान लहान सावल्यांमुळें. ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून, किंचित् एका खांद्यावरून आलें, म्हणजे पक्ष्याचें तोंड उजळतें आणि पिसांच्या कडाहि उठून दिसतात. आतां पक्षी तोंड कोणीकडे करील हें त्याच्या मर्जीवर आहे खरें, पण ती मर्जी पुष्कळशी वाऱ्याच्या हातीं असते. कुरव उतरतांना, उठतांना आणि एका जागीं तरंगतांना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणून सूर्य व वारा एकाच बाजूस, आणि दोन्ही पाठीमागें असले, तर पक्षी आपण होऊन उजळ तोंडानें समोर येतो.

या नियमाची गंमत मुंबई व कोंकण यांची तुलना केली असतां दिसते. अपोलो बंदरावर समुद्र पूर्वेस आहे. तेथें सकाळीं सूर्य समुद्रावरून वर येतो व थेट भिंगांत शिरतो. दुपारनंतर तो शहराकडे, म्हणजे पाठीमागें, येतो; त्याच सुमारास हिवाळ्यांतील खारा वारा वायव्येकडून, म्हणजे पाठीमागूनच, वाहूं लागतो. तीन ते पांच ही तेथील खरी वेळ. गुहागरसारख्या पश्चिमाभिमुख पुळणीवर हें सर्व उलट होतें. समुद्र पश्चिमेस, सकाळीं सूर्य माडांच्या मागून वर येतो, आणि रात्रभर गार झालेल्या जमिनीवरचा वारा समुद्राकडे वाहत असतो. तेथें सकाळचे पहिले दोन-तीन तास गांठावे. मुंबईस सायंकाळ व कोंकणांत सकाळ, हें वेळापत्रक ज्यानें ओळखलें त्याचें अर्धें काम झालें. भर दुपारचें ऊन मात्र दोन्हीकडे अवघड. वरून पाठ झळाळते, खालीं पोट काळें पडतें, आणि तापलेल्या वाळूवरची हवा थरथरल्यानें दूरचा पक्षी रेखीव येत नाहीं. ओल्या वाळूवरून किंवा फेसावरून परतलेला प्रकाश पोटाखालीं पोंचत असेल तेवढीच काय ती सोय.

इतका खटाटोप केवळ सुंदर चित्रासाठीं करावा काय, अशी शंका येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर कुरवांच्या ओळखींत सांपडतें. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत येणाऱ्या कुरवांत तपकिरी डोक्याचा व काळ्या डोक्याचा अशा दोन जाति मुख्यतः दिसतात. पहिली लडाख, तिबेट व मध्य आशियांतील उंच सरोवरांकांठीं वीण करते. दुसरीचा विस्तार युरोपपासून पूर्व आशियापर्यंत आहे. हिवाळ्यांत दोघांचींहि डोकीं पांढरीं होतात व कानामागें फक्त काळसर डाग राहतो. तेव्हां नांवावरून ओळख पटत नाहीं. ती पटते पंखांवरून. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचें टोंक रुंद काळें असून त्यांत पांढरे ठिपके असतात. त्यांस पक्षिशास्त्रांत आरसे म्हणतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते व टोकांशीं काळी किनार असते. मोठ्या कुरवांच्या कित्येक जाति तर पाठीचा करडा रंग किती गडद, एवढ्यावरच वेगळ्या करतात. बारीक चोंचीचा कुरव कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतो. त्याच्या पोटावर विणीच्या सुमारास गुलाबी छटा चढते, ती इतकी फिकी असते कीं थोडा प्रकाश अधिक झाला कीं पुसली जाते. याचा अर्थ असा, कीं चुकीच्या प्रमाणानें घेतलेलें चित्र खोटी साक्ष देतें. फिका पक्षी गडद ठरतो, गडद फिका ठरतो, आणि एका जातीची नोंद दुसरीच्या खात्यावर पडते. कोणते पक्षी कोणत्या वर्षीं किती आले, हें आज पुष्कळ अंशीं हौशी लोकांच्या चित्रांवरूनच कळतें. त्या नोंदींचा भरंवसा शेवटीं अशा एक-एक स्टॉपवर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट या उन्हाविषयींच सांगावयास हवी. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर कुरवांचे भाईबंद सुरय वीण करतात. त्यांचीं अंडीं उघड्या खडकावर असतात. असा पक्षी भर उन्हांत अंड्यांवर बसतो तो त्यांस ऊब देण्यासाठीं नव्हे. तो त्यांवर सावली धरून असतो. चित्राच्या लोभानें कोणी जवळ गेलें व पक्षी उठला, तर उघडीं पडलेलीं अंडीं थोड्या वेळांतच तापून निकामी होऊं शकतात, आणि पिलांचीहि तीच गत होते. ज्या उन्हांत चित्र फसतें त्याच उन्हांत वीणहि फुकट जाते. विणीच्या जागीं कॅमेरा घेऊन न जाणें हाच तेथें नियम. लाँचवरून कुरवांस शेव-गांठ्या उधळण्याची जी चाल पडली आहे तीहि अशीच टाकण्याजोगी. तेल-मिठाचें तें खाणें त्यांचें अन्न नव्हे. आणि लाँचच्या पंख्यानें घुसळलेल्या पाण्यांतून वर येणाऱ्या मासळीसाठीं ते तसेहि मागें येतातच.

मार्च महिना सरूं लागतो तसें बंदरावरच्या कित्येक कुरवांचें डोकें तपकिरी होऊं लागतें. परत जाण्याची वेळ आल्याची ती खूण. एप्रिल-मेपर्यंत बहुतेक सर्व पक्षी लडाख-तिबेटच्या वाटेस लागलेले असतात, आणि घारापुरीची लाँच त्यांच्यावांचून ये-जा करते. तोंवर जे तीन-चार महिने हातीं आहेत त्यांत छायाचित्रकारानें करावयाचें तें एवढेंच. कठड्याशीं उभें राहून प्रथम तळहात सूर्याकडे धरावा, त्यावरचें ऊन मोजावें, आणि मगच मान वर करून पक्ष्याकडे पाहावें.